शून्य मिलिमीटर

मित्रांनो, वणीजवळच्या एका वस्तीत कुसाबाईंच्या गच्चीवर पत्र्याचं गोल भांडं दिसतं ना, तो मी. पर्जन्यमापक. नाव भारदस्त, काम साधं. माझ्या पोटात दोन इवल्या वाट्या आहेत. पावसाने एक भरली की ती कलंडायची आणि तेवढा आकडा थेट नाशिकला, रंगनाथ गुरुजींच्या हवामानाच्या वेबसाइटवर जायचा.

गुरुजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी स्वतः मला इथे बसवलं. माझा आकडा बघून खालच्या गावातले लोक ओढा ओलांडायचा की नाही ते ठरवायचे. खरं सांगतो, मला याचा फार गर्व होता.

कुसाबाई मला रोज पुसायच्या, पोटच्या पोरासारखं जपायच्या. गेल्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर मोठ्या पावसाची बातमी ऐकली आणि त्यांना राहवेना. खताची प्लास्टिकची गोणी आणून त्यांनी मला झाकलं, वरून सुतळी आवळली. मी काय बोलणार?

दुपारी पाऊस नुसता कोसळला. वर गोणी धडधडत होती आणि आत माझ्या वाट्या कोरड्या ठणठणीत. वेबसाइटवर शून्य मिलिमीटर.

पुढचं मी नंतर गुरुजींच्याच तोंडून ऐकलं. खाली दूधवाला नवनाथ ओढ्यापाशी थांबला होता. सावध माणूस. त्याने गुरुजींना फोन केला, "गुरुजी, वर आभाळ लय काळं दिसतंय. जाऊ का?"

गुरुजींनी माझा आकडा पाहिला. "वर थेंब नाही. जा बिनधास्त."

नवनाथ ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलाच्या मध्यावर असताना लोंढा आला. मोटरसायकल संध्याकाळी सापडली. तो तिसऱ्या दिवशी.

चौथ्या दिवशी गुरुजी गच्चीवर आले. गोणी बघून माझ्याशेजारी बसले आणि घडलेलं सगळं मला पुटपुटत सांगत राहिले. तेवढ्यात कुसाबाई चहा घेऊन आल्या.

"भिजून खराब होईल म्हनून झाकलं व्हतं, गुरुजी. बरं केलं ना?"

गुरुजी बराच वेळ सुतळी सोडत राहिले. "बरं केलंत, बाई."

मग त्यांनी वेबसाइटवर लिहिलं, 'यंत्र बिघडलं होतं. न तपासता सांगितलं, दोष माझा.' आणि वेबसाइट बंद केली.

कुसाबाई नवनाथच्या दहाव्याला जाऊन आल्या. गच्चीवर येऊन मला म्हणाल्या, "तुला एवढं जपलं, आन् तू माणूस खाल्लास." त्यानंतर त्यांनी मला हात लावलेला नाही.

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल तर त्याचं काम काय ते आधी विचारा. मला भिजायचंच होतं. हे मी कुसाबाईंना सांगू शकत नाही. सांगता आलं असतं, तरी सांगितलं नसतं.