कोपरा शाबूत आहे

सलिल सरांनी उभ्या उभ्याच निकाल दिला, "कीड चौथ्या वर्गाची. दात घासून बारीक कर आणि कॅप बसव." आणि गेले केबिनमध्ये. कुरुळीतलं हे दातांचं क्लिनिक त्यांचं, मी सादिका तिथली पगारी डॉक्टर. पण माझी जीभ काही पगारी नाही.

खुर्चीत जयसिंग होता. चाकणच्या कंपनीत माल तपासतो, सुट्टीला गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. त्याचा वरचा पुढचा दात किडला होता आणि क्लॅरिनेट नेमकं त्याच दातावर टेकतं. दात घासून कॅप बसवली तर फुंक पूर्वीसारखी बसेल, अशी हमी मी तरी देणार नव्हते.

मी छोटा आरसा दातामागे नेला. कीड दोन दातांच्या फटीत होती, खालचा कोपरा शाबूत. "हा तिसरा वर्ग," मी म्हणाले. "कोपरा तुटला असता तर चौथा."

"आमच्याकडं चौथ्या नंबरचा माल थेट भंगारात जातो, मॅडम. म्हनून तर सरांना लगेच हो म्हनलो. भंगाराला कशाला जपायचं?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, हे आकडे कीड कुठे लागली ते सांगतात, किती वाईट ते नाही! दाढेच्या खाचेतली पहिली, हिरडीलगतची पाचवी. तुमचा दात भंगार नाही. मागून कोरते, सिमेंट भरते. पुढची बाजू आहे तशीच राहील. चालेल?"

"चालंल न्हाई, पळंल!"

कीड उथळ होती, दात बधिर करावाही लागला नाही. मशीनचा आवाज ऐकून सर आत आले.

"मी कॅप सांगितली होती."

"गरज नाही, सर. कोपरा बघा." मी आरसा धरला. त्यांनी पाहिलंच नाही.

"इथे निर्णय माझा असतो."

"दात यांचा आहे."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येणार. पण हा दात पुरा करूनच जाणार." बोलून फार बरं वाटलं.

काम संपल्यावर जयसिंगने बाहेरच्या बाकावर बसून पेटी उघडली आणि क्लॅरिनेट दातावर टेकवलं. सूर खणखणीत निघाला. केबिनमधून सर ओरडले, "बंद करा ते!" जयसिंगने आणखी जोरात फुंकलं.

मी पिशवी खांद्याला लावून निघाले, तर बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या अंबुबाईंनी माझा हात धरला. "सरांनी माझाबी चौथाच सांगितलाय, बाय. जरा बघती का?"

मी पिशवी खाली ठेवली आणि आरसा बाहेर काढला.