ताराची किंकाळी

अंतराळात आवाज होत नाही, हे सुचेता गुप्तेने हेमचंद्रला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ‘ध्रुवयान’ मालिका नुकतीच सुरू झाली होती. आता मालिकेत पहिल्या कॅप्टनचा नातू यान चालवत होता, तरी प्रत्येक स्फोट दणक्यातच होत होता.

सुचेता भिसेगावात राहायची. भौतिकशास्त्र शिकवायचं सोडून ती या मालिकेची लेखिका झाली होती. हेमचंद्र निर्माता आणि दिग्दर्शक. कुंभिवलीच्या एका रिकाम्या गोदामात त्याने प्लायवूडचं यान उभं केलं होतं. संहितेत ती लिहायची, ‘पूर्ण शांतता’. टीव्हीवर मात्र धडाम्‌धूम व्हायचं. विचारलं की हेमचंद्रचं ठरलेलं उत्तर यायचं, “मी काय करू? चॅनेलवाले ऐकत नाहीत.”

या वेळी तिने यानाची इंजिनिअर तारा मारली. दुरुस्तीला बाहेर गेलेली तारा दोर तुटून दूर वाहत जाते. हाका मारते, पण ऐकू काहीच येत नाही. ताराचं काम करणारी भाग्यश्री जाडजूड पोशाखात गोदामाच्या तापलेल्या पत्र्याखाली दुपारभर लटकत राहिली. कमरेवर पट्ट्याचे वळ उठले, तरी तिने तक्रार केली नाही. शॉट संपला तेव्हा लाइटवालेसुद्धा गप्प उभे होते.

“याला हात लावायचा नाही,” हेमचंद्र स्वतःच म्हणाला.

एडिटिंगच्या खोलीत भाग पाहताना सुचेता ताडकन उठली. दोर तुटताच ढोल वाजले, मग शंख, आणि वर ताराची लांबलचक किंकाळी! चॅनेलचा सिद्धांत शेजारीच बसला होता. ती त्याच्यावर उसळली, “एकदा, फक्त एकदा गप्प बसता येत नाही तुम्हाला?”

सिद्धांत गोंधळला. “मॅडम, आवाजाबद्दल आम्ही कधीच काही म्हटलं नाही.”

हेमचंद्र पडद्याकडेच बघत राहिला.

सुचेताने त्याला बाहेर गाठलं. “इतकी वर्षं मी त्यांना शिव्या घालतेय रे!”

“मला भीती वाटते, सुचेता. पडदा गप्प झाला की लोक उठून जातात.”

“मग तसं सांगायचंस. तुझ्याशी भांडले असते. तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस.”

पुढचा भाग देणार नाही, असं सांगून ती निघून गेली. दोन दिवस तिने त्याचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: सगळे आवाज काढलेत.

भाग लागला तेव्हा ती नवऱ्याजवळ, अजेयजवळ बसली होती. दोर तुटला. भाग्यश्रीचे ओठ हलू लागले.

“आवाज गेला का गं?” म्हणत अजेयने रिमोट उचलला आणि आवाज वाढवत नेला. ती झडप घालेपर्यंत पुढचं दृश्य सुरू झालं आणि यानाच्या भोंग्याने घर दणाणलं.

हेमचंद्रचा फोन आला. “कसं वाटलं?”

“अजेयने आवाज वाढवला.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?”

“म्हणजे शांतता कमी पडली,” सुचेता म्हणाली. “पुढच्या वेळी दुप्पट ठेवायची. टीव्ही बिघडलेला नाही, हे कळायला वेळ तर हवा माणसाला.”

“वेड लागलंय तुला!”

अजेय जेवायला हाक मारत होता. ती फोन कानाला धरून भांडत राहिली.