निपाणीहून शहापूरला

मी एक म्हातारा पारवा आहे. उडून उडून म्हातारा झालो, असे लोकांना वाटते. मित्रांनो, खरे सांगायचे तर मी एका दुपारीच म्हातारा झालो.

इंग्रजी अमदानीतले ते दिवस. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात, मागांच्या खडखडाटात, भरमूआप्पांच्या कौलांखालच्या खोक्यात मी जन्मलो. आप्पा साड्या विणत आणि फावल्या वेळी पारवे उडवत. त्यांनी मला आधी काकतीहून सोडले, मग संकेश्वरहून, शेवटी थेट निपाणीहून. निपाणी ते बेळगाव सडकेने पन्नासेक मैल, त्यात घाटाची वळणे. आकाशात ना घाट, ना वळण. माझे चाळिसाच्या आतच भागे. सर्व्हिस मोटार अर्ध्या वाटेवर असायची, तोवर मी घरी दाणे टिपत असे. सारी गल्ली कौतुक करी आणि मीही छाती फुगवून फिरे.

आप्पांची एक रीत होती. सोडण्याआधी मला उपाशी, एकटे कोंडत. निघताना माझी जोडीदारीण पांढरी क्षणभर दाखवत आणि लगेच टोपलीचे झाकण लावत. "पाखरू मादीकडं येतंय, घराकडं न्हाय," असे ते ठासून सांगत. मला ते निर्दय वाटे, खोटे मात्र वाटत नसे.

पुढे आप्पांनी खासबागेत नवे घर बांधले. आमची खोकी तिकडे नेली आणि आम्हाला जाळीत ठेवले. पांढरीने तिथेच अंडी घातली. तेवढ्यात परशराम मोटारवाल्याने आप्पांना डिवचले.

"आप्पा, माझ्या मोटारीपुढं तुमचं पाखरू काय टिकतंय?"

"निपाणीतनं दोघं संगट सुटा. पाखरू मागं पडलं तर त्याची मादी तुझ्या कालवणात घाल जा."

निपाणीत टोपली उघडली आणि मी उसळलो. खाली हिरण्यकेशी गेली, घटप्रभा गेली. मोटार कुठेतरी घाटात धापा टाकत होती. पांढरीखेरीज माझ्या मनात दुसरे काही नव्हते. मग मागांचा खडखडाट ऐकू आला आणि मी जन्माच्या सवयीने शहापूरच्या कौलांवर उतरलो.

तिथे खोके नव्हते, पांढरी नव्हती. मी घुमत फेऱ्या मारत राहिलो. खासबाग हाकेच्या अंतरावर होती, पण माझ्या पंखांना ती वाट कुणी शिकवलीच नव्हती.

शेवटी शेजारच्या अक्काताईंनी जोंधळे टाकून मला धरले आणि पदराखालून खासबागेत आणले. अंगणात मोटार उभी होती. चुलीवर कालवण रटरटत होते आणि शेजारी पांढरी पिसे पडली होती.

"आप्पा, मी न्याहारीला बसले तवाच आलंय हे. जुन्या घरावर बसलंतं," अक्काताई म्हणाल्या.

आप्पांचा चेहरा खुलला. "मग मीच जिंकलो की, परशराम."

"व्हय की आप्पा, जिंकलासा. आता जेवाय बसा."

दोघे हसत हसत पोटभर जेवले. मला जाळीत सोडले, तेव्हा मी धावत जाऊन अंड्यांवर बसलो. ती गार झाली होती.

निपाणीहून बेळगावला सगळ्यांत लवकर कोण येते, असे कुणी विचारले की आप्पा अजून मला दाखवतात. मित्रांनो, पाखराला लांब सोडण्याआधी आपले नवे घर त्याला नीट दाखवा. मला ते आता चांगले पाठ झाले आहे. जाळीचे दार उघडे टाकले, तरी मी कुठे जात नाही.