मागून चालताना

तिने बाबांच्या कानापासून वीतभर अंतरावर शिट्टी धरली आणि गाल फुगवून फुंकली.

बाबा उठले नाहीत. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं मात्र खाली पडलं.

“पाच वाजून चार मिनिटं,” ती म्हणाली. “चार मिनिटं मातीत.”

“उठतोय, हवालदारसाहेब,” बाबा उशीत तोंड खुपसून म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.

ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. चादरीखाली आधी पोट दिसत होतं, मग थोड्या अंतराने बाबा. वर्षभरापूर्वी ती स्वतः शाळेच्या मैदानाची एक फेरी मारून पायरीवर धापा टाकत बसायची. आता ती अकरा फेऱ्या मारायची, वर जिन्याने तिसऱ्या मजल्यावर वर्गात जायची आणि हजेरीला खणखणीत आवाज द्यायची. तेव्हापासून तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं उरली होती, उठणारी आणि लोळणारी. तिचं घर दुसऱ्या प्रकाराने काठोकाठ भरलेलं होतं. आई म्हणायची, मी दिवसभर उभीच असते, तोच माझा व्यायाम. आत्या फोनवर योगासनं बघायची, तीही आडवी होऊन.

आणि बाबा. बाबा बावीस वर्षं बस चालवत होते, म्हणजे बावीस वर्षं बसून होते.

महिन्याभराने तपासणी असल्याचं पत्र डेपोतून आलं, तेव्हा ते जेवणावरून अर्ध्यात उठले होते. साखर आटोक्यात नसेल तर स्टिअरिंग काढून घेणार आणि गेटवर बसवणार, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. “गेटवर बसलो की मी संपलो समज,” ते आईला म्हणाले होते. हे ऐकून आईने डोळ्याला पदर लावला. तिने मात्र वहीचं पान फाडून तक्ता आखला. घरात कुणीतरी कामाचं असायला हवं होतं.

शर्यतीत बक्षीस मिळालेला, पावलं मोजणारा पट्टा तिने स्वतःच्या हातातून काढून बाबांच्या मनगटावर बांधला. रोज दहा हजार, एकही कमी नाही. सकाळी तिचा मैदानावर सराव असायचा, म्हणून बाबांनी दिवसभरात, दोन खेपांच्या मध्ये चालायचं ठरलं. आणि काय आश्चर्य, पहिल्याच संध्याकाळी बारा हजार. दुसऱ्या दिवशी चौदा. तिने वर्गात छाती फुगवून सांगितलं, मी माझ्या बाबांना सुधारलं. खेळाच्या बाईंनी तर सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

बाराव्या दिवशी, शनिवारी, बाबा डबा घरी विसरले. तो द्यायला ती त्यांच्या बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. पट्ट्यावर दोन हजार शंभर होते. शेवटच्या थांब्याला चार हजार सहाशे झाले. मधल्या वेळात बाबांनी बूडही हलवलं नव्हतं. खड्ड्याखड्ड्यांतून बस उसळत होती आणि पट्टा बिचारा प्रामाणिकपणे मोजत होता.

“हे काय आहे?” तिने त्यांचं मनगट धरून विचारलं.

“मला वाटलं, क्लच दाबतो ते धरत असेल,” बाबा म्हणाले. “पायच आहे ना तो.”

“आणि गिअर? तो काय, दंडबैठका?”

“तसं नव्हे. पण आकडा बघून मलाही बरं वाटायचं.”

कंडक्टरने खिडकीतून बाहेर बघितलं, पण त्याचे खांदे हसत होते. ती घरापर्यंत चालत आली. बाबांची पावलं बसने टाकली होती आणि त्यावर तिने बाईंकडून शाबासकी घेतली होती.

म्हणून ही शिट्टी. मैदानावरचा सराव तिने संध्याकाळवर ढकलला. विश्वास-बिश्वास आता बंद.

पहिल्या दिवसांत बाबांना घेऊन फिरणं म्हणजे गाढवाला घाट चढवण्यासारखं होतं. दूधवाला दिसला की थांबायचे. कुणाच्या दारातला कुत्रा आजारी दिसला की चौकशी. पायात चपला, कारण बूट म्हणे ड्युटीचे.

“कुणी चपला घालून व्यायाम करतं का?”

“मी करतो ना. हा काय.”

“तुम्ही करत नाही, तुम्ही फरफटता.”

ती पाण्याच्या टाकीपर्यंत धावत जायची, परत यायची, त्यांच्याभोवती एक चक्कर मारायची आणि पुन्हा सुटायची. दर चकरेला एक टोमणा ठरलेला. गोगलगाय पुढे गेली, बाबा. त्या आजी दुसऱ्यांदा ओलांडून गेल्या, बाबा. ते हसत आणि श्वास पुरला तर उत्तर देत.

आठवड्याभराने पट्ट्याला एक भोक आत जावं लागलं, म्हणजे कमरेच्या. मग एका सकाळी ती शिट्टी घेऊन गेली तर बाबा पलंगावर बसलेले, तोंड धुऊन, केस विंचरून.

“नव्याचे नऊ दिवस,” ती म्हणाली. पण दहाव्या दिवशीही ते बसलेले होते, आणि चहा बिनसाखरेचा पीत होते, औषध प्यावा तसा.

तपासणीला चार दिवस उरले होते. त्या सकाळी बाबांची चाल मंदावली, म्हणून तिने ठरवलं, आज पुढे पळायचं नाही, मागून हाकायचं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्या मागे चालत होती.

टाकीच्या अलीकडे रस्ता उकरून खडी पसरली होती. बाबांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि मागे राहिली. बाबा चालत राहिले. ती जवळजवळ हसली. आळसाची हद्द झाली, वाकायला नको म्हणून माणूस चप्पल सोडून देतो. एक, दोन, तीन. खडीवर उघडा तळवा पडत होता, एकसारखा, न कचरता. अकरा पावलं झाली.

“बाबा, चप्पल.”

ते थांबले. त्यांनी खाली पाहिलं. आधी डाव्या पायाकडे, मग उजव्या.

“अरे हो की.”

तिने चप्पल आणून दिली. तळव्यात टोकदार खडा रुतला होता आणि त्याच्या कडेने रक्त आलं होतं. तो तिनेच उपटला. बाबा टाकीकडे बघत उभे होते.

“टोचलं नाही?”

“ड्रायव्हरचे तळवे. पत्र्याचे असतात.” ते चप्पल चढवायला लागले. अंगठा दोनदा पट्ट्याबाहेर गेला. “आईला सांगू नकोस. चारच दिवस राहिलेत.”

उरलेला रस्ता ती त्यांच्या टाचांकडे बघत मागून चालली. बाबांनी दोनदा वळून पाहिलं, टोमणा कसा आला नाही म्हणून.

संध्याकाळी सराव सोडून ती बाजारातल्या थांब्यावर उभी राहिली. बाबांची एक ऐट होती. बस अशी लावायची की दार बरोबर खांबासमोर यावं. लोकांना एक पाऊलही टाकावं लागू नये. बस आली. खांब मागे टाकून पुढे गेली आणि झोकांडी देऊन थांबली. एक म्हातारा चालकाला शिव्या देत पिशवी सावरत धावला. ती खांबाच्या आड झाली. त्यानंतरच्या दोन बसही तिने तिथेच उभं राहून पाहिल्या. दोन्ही दुसऱ्या चालकांच्या होत्या. दोन्ही खांबासमोर थांबल्या.

तपासणीच्या दिवशी बाबांनी तिला शाळेतून सुट्टी घ्यायला लावली. “माझा कोच बरोबर हवा,” ते आईला म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा गणवेश घातला होता.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिले. मग चष्मा वर सरकवला.

“साखर बरीच उतरली आहे. रक्तदाबही चांगला. काय केलंत?”

“हिने केलं,” बाबा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले. “रोज पाच वाजता. घरात आमच्या मिलिटरी आहे. मी नुसता हुकूम पाळला.”

“अशी मुलगी प्रत्येक घरात हवी,” डॉक्टर म्हणाले. ती हसली नाही. डॉक्टर फॉर्मवर खुणा करत होते. “डोळे ठीक. कान ठीक. हातापायांना मुंग्या, बधिरपणा?”

“छे.”

खूण झाली. डॉक्टरांनी शिक्का शाईच्या डबीत दाबला.

“डॉक्टर,” ती म्हणाली. आवाज वर्गात द्यायची तेवढाच निघाला, उगाच मोठा. “त्यांचे मोजे काढायला सांगा. आणि डोळे मिटायला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. गेले पंधरा-वीस दिवस ती रोज सकाळी ज्या नजरेने त्यांना बघत होती, तीच नजर होती ती, फक्त त्यांच्या चेहऱ्यावर ती शोभत नव्हती. तिने मान खाली घातली नाही. हात मात्र पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

डॉक्टरांनी शिक्का बाजूला ठेवला. “बघू या. दोन मिनिटांचं काम.”

बाबा वाकले. पोट आडवं येत नव्हतं आता. त्यांनी स्वतःच मोजे काढून घडी करून बुटात ठेवले, स्टुलावर पाय पसरले आणि आज्ञाधारक मुलासारखे डोळे मिटून घेतले.

“पेन्सिल लावतो आहे,” डॉक्टर म्हणाले. “जाणवलं की ‘हो’ म्हणा.”

खोलीत पंख्याचा आवाज होता. डॉक्टरांनी उजव्या अंगठ्याला टोक लावलं. मग बोटांखाली. मग टाचेला. मग पुन्हा अंगठ्याला, जरा दाबून, आणि तिथेच धरलं.

बाबा ताठ बसले होते, कान दिल्यासारखे.

“मी तयार आहे,” ते म्हणाले. “लावा तुम्ही.”