मनगटाएवढी सुतळी

लोक तोंडावर मला शास्त्रीजी म्हणतात आणि पाठ फिरली की जमदग्नी. म्हणू देत. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या घराण्याची पाचवी पिढी पौरोहित्य करते आहे. या वेणीमाधवशास्त्र्याने दिलेला मुहूर्त पळभरही सरकत नाही, हे बनारसमध्ये कुणालाही विचारा. पण एकदा सरकला. त्याचीच गोष्ट सांगतोय, आणि छाती फुगवून सांगतोय, कारण तो सरकवला माझ्या मुलीने.

बकुळ माझी एकुलती एक. एम.एस्सी. झाली, बँकेत लागली, आम्ही पेढे वाटले. मग एक दिवस नोकरी सोडून गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे, भाड्याच्या जागेत रस्त्यावर टाकलेल्या भाकड गाई सांभाळायला लागली. तिच्या आईने अन्न सोडलं. मी घर डोक्यावर घेतलं. ही शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्ही यजमानांकडून गोदानाचे संकल्प सोडवता ना? त्या गाई पुढे कुठे जातात, तेवढं मी बघतेय." आता यावर काय बोलणार, कपाळ!

गाईंना पेंढा लागतो, इथे त्याला पुआल म्हणतात. हल्ली तो यंत्राने वळलेल्या गोल गठ्ठ्यांत येतो आणि गठ्ठ्याभोवती निळ्या प्लॅस्टिकच्या सुतळीचे वेढे असतात. गडी घाईत विळा मारतात, सुतळीचे तुकडे पेंढ्यात राहतात, आणि गाय बिचारी घासाबरोबर तेही गिळते. एकदा पोटात गेलं की ते बाहेर येत नाही. पहिल्याच वर्षी कपिला नावाची गाय गेली. डॉक्टरांनी तिच्या पोटातून काढलेला गोळा बकुळने मला दाखवला. नारळाएवढा होता, आणि सगळा निळा. त्या दिवशी पोरगी जेवली नाही आणि रडलीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने नियम घातला. सुतळीचं टोक शोधायचं, ती अख्खी उलगडायची, खुंटीला टांगायची, मगच पेंढ्याला हात लावायचा. कापावीच लागली तर आधी मापायची, मग तुकडे जमिनीवर मांडून पुरे भरतात का बघायचं, आणि भरले तरच गाई सोडायच्या. जमलेली सुतळी पोत्यात भरून भंगारवाल्याला द्यायची. एका गड्याने ते पोतं नदीत सोडू म्हटलं, तर त्याच्यावर अशी खेकसली, "गंगाजी क्या तेरे घर का कूड़ादान है?" राग माझाच घेतलाय पोरीने, दुसरं काय.

त्या वर्षी वळवाच्या वाऱ्याने गोठ्याचे पत्रे उडाले. पावसाळा तोंडावर, आजारी गाई उघड्यावर, आणि बकुळच्या हातात छदाम नाही. माझे एक यजमान, चौकातले साडीवाले शेठजी, पक्कं छप्पर बांधून द्यायला तयार झाले. पुढच्या महिन्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्याआधी पुण्य पदरात पडावं ही इच्छा. अट एवढीच की सहकुटुंब गोग्रास द्यायचा, तो अभिजित मुहूर्तावर, आणि पहिला गठ्ठा शेठजींनी आपल्या हाताने कापायचा.

बकुळने गठ्ठ्याची सगळी सुतळी आदल्या दिवशीच उलगडून ठेवली. समारंभापुरता एकच तुकडा घेतला, दाराच्या दोन खांबांमध्ये बरोबर ताणून मापला आणि गठ्ठ्याला बांधला. शेठजींना हात जोडून सांगितलं, "बस एक बार काटिएगा." शेठजींनी एकदाच कापला हो! टाळ्या पडल्या. मग नातवाला कापायचा होता. मग सुनेला, फोटोसाठी. मग सगळ्यांच्या अंगात भक्तीचा असा काही पूर आला की दोन्ही हातांनी पेंढा गव्हाणीत भिरकावला. अडसरापलीकडे गाई हंबरत होत्या. मी मंत्र सुरू केला.

"थांबा," बकुळ म्हणाली.

तिने तुकडे गोळा केले आणि दोन खांबांमध्ये जमिनीवर ओळीने मांडले. शेवटच्या तुकड्यापासून खांबापर्यंत वीतभर जागा उरली.

"एक टुकड़ा कम है. मिलने तक गाय नहीं छोड़ूंगी." आणि ही बया सरळ गव्हाणीतला पेंढा काढून झटकायला लागली!

शेठजींचा चेहरा उतरला. "बिटिया, ज़रा-सा धागा है." सूनबाई कुजबुजायला लागली. शेठजी माझ्याकडे वळले, "शास्त्रीजी, मुहूर्त निकल रहा है. समझाइए इसे." ती ऐकेना, तसा त्यांचाही पारा चढला. आत्ताच्या आत्ता गाई सोडा, नाहीतर छप्पर विसरा, असं त्यांनी साफ सांगितलं.

बकुळचे हात क्षणभर थांबले. तिने उघड्या वाशांकडे पाहिलं, मग अडसराशी उभ्या असलेल्या गाईंकडे. "तो फिर रहने दीजिए छप्पर," ती म्हणाली आणि पुन्हा पेंढा झटकायला लागली.

काय सांगू तुम्हाला! पाच पिढ्यांचं नाव एका बाजूला होतं आणि ही एवढीशी पोर दुसऱ्या बाजूला. यजमान माझे, मुहूर्त माझा, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मुहूर्ताचं काडीचंही वाटलं नाही. पळी ठेवली, ताम्हन ठेवलं आणि रेशमी सोवळ्यानिशी गव्हाणीपाशी गुडघे टेकले. मीही शेणामातीत पेंढा चाचपायला लागलो.

"अण्णा, सोवळं!" बकुळ ओरडली.

"खड्ड्यात गेलं सोवळं. तू ती बाजू बघ, मी ही बघतो."

तेवढ्यात मागून शेठजींच्या आई, अम्माजी, काठी टेकत पुढे आल्या. इतका वेळ त्या पदर गच्च लपेटून कोपऱ्यात बसल्या होत्या. "उठिए महाराज, आप मत ढूंढिए," असं म्हणून त्यांनी पदराखालून हात बाहेर काढला. सुरकुतलेल्या मनगटावर निळी सुतळी गाठ मारून बांधलेली होती.

आमच्या काशीत कालभैरवाचा काळा दोरा मनगटावर बांधतात, तसाच हा गोमातेचा दोरा समजून म्हातारीने उचलला होता. "मेरे लल्ला का ऑपरेशन है," त्या रडत म्हणाल्या. "बांध लिया. अब खोलूं कैसे? कुछ हो गया तो?"

साठीचे शेठजी आईकडे बघतच राहिले. त्यांचा सगळा ताव कुठल्या कुठे गेला.

बकुळने म्हातारीचा हात हातात घेतला, पण सुतळीची गाठ लगेच सोडवली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काय ते कळलं. जानव्यांसाठी मी स्वतः काढलेलं सूत माझ्या पिशवीत नेहमी असतं. ते घेतलं, तिपेडी केलं, म्हातारीच्या मनगटाला बांधलं आणि ब्रह्मगाठ मारली. मृत्युंजय म्हटला, पोटातून म्हटला. "अम्माजी, आता ती सोडा. हा दोरा पक्का आहे," असं हिंदीत समजावलं. बकुळने सुतळी हळूच सोडवली आणि ओळीच्या शेवटी मांडली. ती खांबाला टेकली.

अम्माजींनी डोळे पुसले आणि लेकाला काठीने ढोसलं. "छत बनेगी. और जैसी ये बिटिया कहेगी, वैसी बनेगी. सुन लिया?" शेठजींनी मान डोलावली आणि बकुळसमोर हात जोडले. अभिजित केव्हाच उलटून गेला होता.

मी अगदी ऐटीत म्हणालो, "चल, सोड आता गाई."

पोरगी हलली नाही. तिने माझ्यासमोर तळहात पसरला.

"अण्णा, गाठ मारल्यावर तुम्ही दोऱ्याचं टोक तोडलंत. ते कुठंय?"

सगळ्यांसमोर बरं का! अख्ख्या काशीत दुसऱ्या कुणी मला असं विचारलं असतं, तर त्याची सात पिढ्यांची कुंडली मांडली असती मी. पण मी मुकाट्याने वाकलो, पायाशी पडलेलं बोटभर सूत पेंढ्यातून वेचलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते निरखून पाहिलं, पोत्यात टाकलं आणि मग अडसर काढला.