शुक्रवारचं कार्ड

आमच्या ग्रेनाडात गाडी चालवायची तर आधी हॉर्न चांगला हवा, ब्रेक नंतर. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ती बाई खो खो हसली होती. ट्रिनिदादची मर्ल क्वामिना. नवऱ्याला घेऊन पाच दिवस सुट्टीला येणार म्हणून माझी व्हॅन ठरवली आणि दर रविवारी फोन करून माझं डोकं खाल्लं. ग्रेनव्हिलपर्यंत वळणं किती? वरच्या तळ्यापाशी गार वाटतं का? जायफळाच्या वखारीत पोत्यात हात घालू देतात का?

"अहो बाई, लोक किनारा विचारतात, धबधबा विचारतात. तुम्ही हे काय विचारताय?"

"आलो की कळेल, अल्बन. आणि नीरफणसाचं ऑइल डाऊन तुम्हा छोट्या बेटावरच्यांना जमत नाही. ते आमच्याकडंच खावं."

झालं, माझी सटकली. माझ्या आईच्या हातचं खाल्लंय का कुणी? यावर आम्ही तीन रविवार भांडलो. मग फोन यायचे बंद झाले.

ठरल्या सोमवारी विमानतळावर गेलो, तर एकटाच उंच म्हातारा उभा. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा. आंधळा! मग कुठं माझ्या डोक्यात वळणांचा आणि पोत्यांचा उजेड पडला.

"मर्लबाई कुठायत?"

"जूनमध्ये गेली," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, मी पहिल्या दिवसापासून मास्तरच म्हणू लागलो. "पण तिचा बेत आहे ना. चल."

डब्यात पाच जाड कार्डं होती, तिच्या अक्षरातली. रोज सकाळी एक वाचायचं, पुढचं बघायचं नाही. काय लिहिलंय ते तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं. "पाचही दिवस पार पाडायचे, अल्बन. एकही गाळायचा नाही. हे तिचं शेवटचं काम आहे." एवढं बोलून त्यांनी पहिल्या कार्डावरून हळूच बोटं फिरवली आणि मला दिलं.

सोमवारी वखार. मास्तरांनी कोपरापर्यंत हात जायफळांत घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मंगळवारी अनवाणी होऊन वाळत घातलेल्या कोकोच्या बिया पायांनी उलथल्या. कामाला असलेल्या बायका म्हणाल्या, "मास्तर, नाचा की जरा!" तर खरंच नाचले. बुधवारी तळं. वाटेत मी हॉर्न मारायचो आणि त्याचा घुमणारा आवाज ऐकून ते सांगायचे, "इथं डोंगर डावीकडं आहे. आता दरी आली." च्यायला, एकदाही चुकले नाहीत. तीस वर्षं गाडी हाणतोय, मला कधी ऐकू आलं नाही ते.

मला मात्र उद्याच्या कार्डाची खाज सुटलेली. या बाईच्या डोक्यात आणखी काय असेल?

गुरुवारी ग्वायाव्हच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी जाळ्याचा दोर मास्तरांच्या हातात दिला. ते ओढत होते आणि डबा माझ्या गाडीत होता. बघितलं मी. खोटं कशाला बोलू?

वर "शुक्रवार" आणि खाली काही नाही. कोरं. बाईला वेळच पुरला नव्हता.

तिकडं मास्तर कोळ्यांबरोबर "ओढ, ओढ" म्हणून ओरडत होते, आणि आता यांना काय सांगू?

शुक्रवारी सकाळी त्यांनी कार्डावरून बोटं फिरवली आणि मला दिलं. "वाच."

मी घसा खाकरला. "शुक्रवार. अल्बनच्या आईकडं जेवायला जाणे. ऑइल डाऊन कुणाचं चांगलं, याचा निकाल लावणे."

मास्तरांनी काठी उचलली. मग म्हणाले, "चल तर."

आईला मी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, पाहुणा आंधळा आहे, त्याला कामाला लावू नको. पण ती कुणाला बधणारी नाही. "डोळे नाहीत, हात आहेत ना? माझ्या दारात फुकट कुणी जेवत नाही," म्हणत तिनं नीरफणस आणि सुरी मास्तरांसमोर ठेवली. त्यांनी सोलला, अगदी बेताचं साल काढून. वर अळूची पानं लावली, नारळाचं दूध आईनं ओतलं. दूध आटून तळाला तेल सुटेपर्यंत दोघं ट्रिनिदाद आणि ग्रेनाडावरून कडाकडा भांडली.

जेवण झाल्यावर मास्तरांनी बोटं चाटली. "मर्ल हरली," म्हणाले. मग माझ्याकडं तोंड करून, "पेन आहे?"

"आहे. का?"

"ती पेन इतकं दाबून लिहायची, अल्बन, की अक्षराचे वळ उठायचे. वाचता नाही आले, तरी कुठं लिहिलंय ते हाताला लागतं. शुक्रवारचं कार्ड वरची एक ओळ सोडली तर गुळगुळीत आहे. घरून निघतानाच मला ठाऊक होतं."

माझे कान तापले. "मग मला वाचायला का लावलंत?"

"तू काय वाचतोस ते ऐकायचं होतं." त्यांनी डब्यातून कार्ड काढलं, चाचपून माझ्यासमोर ठेवलं. "सकाळी वाचलंस ते लिही आता."

मी पेन उघडलं.

"दाबून लिही," मास्तर म्हणाले.