सक्तीचा पाचवा विषय

आमच्या गावात ‘नको’ म्हणायची सोय नाही. म्हणजे म्हणता येतं, पण कुणी ऐकत नाही. मागे आमच्या छपराला थोडा गंज चढला होता. आमचे हे म्हणाले, राहू दे, अजून गळत नाही. झालं! आठवडा संपायच्या आत गावाने अख्खं छप्पर उतरवून नवे पत्रे ठोकले, वर डुक्कर भाजून जेवण घातलं. पाद्रीबाबा नको म्हणतात म्हणजे त्यांना हवंय, फक्त तोंडाने मागता येत नाही, असा इथला हिशोब. सभ्य माणसाने आधी नकोच म्हणायचं असतं, आणि पाद्र्याइतका सभ्य माणूस गावात दुसरा कोण असणार?

मी पाद्र्याची बायको. सवाईई बेटावरच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा माझे केस काळे होते. माझं नाव आता कुणाला आठवतही नसेल. लहान-थोर सगळे ‘फालेतुआ’ म्हणतात, म्हणजे पाद्रीणबाई. आम्हाला मूलबाळ झालं नाही. पाद्र्याच्या घरी हाताशी एखादी मुलगी द्यायची इथे रीत आहे, तशी सिलोआमा आली. सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात पडलेले. तिचा बाप लेआवासा गावातला मोठा मताई. मताई म्हणजे घराण्याचा कर्ता; अशा सगळ्या मताईंची सभा गाव चालवते. बापाचं घर हाकेच्या अंतरावर, पण पोरगी जेवायला, झोपायला आणि भांडायला आमच्याकडे. ह्यांना पापा म्हणायची, मला मोठी आई.

भांडण तरी कसलं? ह्यांच्या प्रवचनातल्या चुका काढायची. “पापा, आज तू नोहाची गोष्ट सांगताना पावसाचे दिवस विसरलास.” हे म्हणायचे, “गप गं, पाऊस पडला ना? मग झालं.” दोघं हसायचे आणि मी चहा गाळत बसायचे.

तिचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होऊन गेला. घसा दुखतो म्हणाला, मग सांधे सुजले, मग कळलं की आजार हृदयात उतरलाय. डॉक्टर पलीकडच्या बेटावर. वाऱ्यामुळे त्या दिवशी बोट सुटली नाही. धक्क्यावर त्याला मांडीवर घेऊन सिलोआमाच बसली होती. तेव्हापासून पोरीने एकच धरलं, डॉक्टर व्हायचं. त्यासाठी फिजीला जायची शिष्यवृत्ती लागते, आणि शिष्यवृत्तीला इंग्रजी, गणित आणि तिन्ही विज्ञानं लागतात. शेवटच्या दोन वर्षांत शाळा पाचच विषय देते. बसले बरोबर पाच.

आणि तेवढ्यात ते धर्मशिक्षणाचं निघालं.

आमच्या भागातल्या शाळेत धर्मशिक्षण आमचे हेच शिकवायचे. वरच्या दोन वर्गांना तो विषय ऐच्छिक होता. हेडमास्तर पेनेआता नवीन आले आणि त्यांनी मताईंच्या सभेला विचारलं, धर्मशिक्षण सगळ्यांना सक्तीचं करायचं का? केलं तर ते पाचातलं एक धरावं लागेल, सहावा तास बसत नाही, दुपारची बस निघून जाते. विचारणं चुकीचं नव्हतं. पोरं शिकून न्यूझीलंडला जातात आणि तिकडे रविवारी झोपून राहतात, अशी म्हाताऱ्यांची तक्रार होतीच.

त्या संध्याकाळी हे जेवलेच नाहीत. ताटातला तारोचा कंद तसाच ठेवून म्हणाले, “मला नकोय हे.”

“तुमचाच तर विषय आहे,” मी म्हटलं.

“म्हणूनच नकोय. ज्याला यायचंय तो येतो, ऐकतो, माझ्याशी वाद घालतो. उद्या चाळीस पोरं डांबून बसवली की मी देवाचं नाव घेणार आणि ती घड्याळ बघणार. त्यापेक्षा मी रविवारी झाडाखाली शिकवेन. आणि आपल्या पोरीचं काय?”

“मग जा आणि सांगा सभेत.”

जाता येणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी बोलले. पाद्री सभेत बसत नाही. त्याचा मान सभेच्याही वरचा, म्हणून त्याला तिथे बोलता येत नाही. इतक्या वर्षांत मला ते कधी पटलं नाही. मान म्हणे! माणसाचं तोंड बांधायचं आणि त्याला मान म्हणायचं.

मग माझ्या हातात राहिली बायकांची समिती. गुरुवारी आम्ही सगळ्या मिळून चटया विणतो. तिथे बोललेलं रात्रीपर्यंत प्रत्येक मताईच्या कानात पोचतं. सिलोआमाची आई सापेता माझ्या शेजारीच बसली होती. मी सरळ सांगून टाकलं, “पाद्रीबाबांना धर्मशिक्षण सक्तीचं नकोय. पोरांनी आपल्याला हवे ते विषय घ्यावेत, असं ते म्हणतात.”

सगळ्यांचे हात थांबले. एका म्हातारीने तर डोळे पुसले.

“बघा,” ती म्हणाली, “किती नम्र माणूस. स्वतःसाठी काही म्हणून मागत नाही.”

“अहो, नम्र नाही,” मी म्हटलं. “खरंच नकोय त्यांना.”

“असंच म्हणायचं असतं, फालेतुआ,” सापेता म्हणाली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तिने. “छपराच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होतात.”

“छप्पर वेगळं. सापेता, पाचातला एक विषय सुटणार, तुझ्या पोरीचं भौतिकशास्त्र जाईल, कळतंय का तुला?”

तिचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, समजली. मग तिने मान खाली घातली आणि पुन्हा विणायला लागली. “आमची पोरगी तुमच्या ताटात जेवून मोठी झाली,” ती हळूच म्हणाली. “आम्हीच मागे राहिलो तर गाव काय म्हणेल?”

मी जितकी नको म्हणत होते तितकं ते घट्ट होत होतं. सांगू कुणाला?

सोमवारी सभा झाली. सगळ्यात आधी उठला तो लेआवासा. हे मला नंतर त्याच्या भावाने मोठ्या कौतुकाने सांगितलं. लेआवासा म्हणाला, पाद्रीबाबांनी आमच्या पोरांना अक्षरओळख दिली, आमची मेलेली माणसं पुरली, बदल्यात कधी काही मागितलं नाही. आता त्यांच्या विषयाला वर्गाच्या दारात उभं ठेवणार का? माझी मुलगी पहिली बसेल. त्यानंतर कोण विरोध करणार? एकमुखाने ठराव झाला.

दुपारी गावातली मोठी माणसं आमच्याकडे आली, भाजलेलं डुक्कर आणि नारळाच्या दुधातली तारोची पानं घेऊन. लेआवासाने ती बातमी सांगितली, तेव्हा तो हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं. पोरीचं स्वप्न त्याने आमच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं, आणि ह्यांनी त्याचे आभार मानायचे होते. मानले. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी हे हेडमास्तरांकडे गेले. एका मुलीला सूट द्या म्हणाले. पेनेआतांनी डोकं धरलं. “बाबा, ज्याने पहिला हात वर केला त्याच्याच मुलीला सूट? सभा त्याला दंड करेल. डुकरं द्यावी लागतील ती लागतीलच, आणि त्याची मान कायमची खाली जाईल. तुम्ही सांगत असाल तर करतो.” हे तसेच परत आले.

त्या संध्याकाळी सिलोआमा घरी आली ती दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले. “पापा, तू मागितलंस हे?”

मी तोंड उघडलं होतं. ह्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“मला विषय शिकवायला आवडतो, पोरी,” ते म्हणाले.

“हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.”

“गावाला वाटलं, हे बरं होईल.”

“म्हणजे तूच,” ती म्हणाली. आत गेली, आपलं अंथरूण गुंडाळलं, आणि हाकेच्या अंतरावरच्या बापाच्या घरी निघून गेली. मी तिच्यामागे अंगणापर्यंत धावले. ती वळली नाही.

मी घरात आले आणि ह्यांच्यावर तुटून पडले. “सांगायला काय झालं होतं? तिच्या बापानेच केलं म्हणून सांगा की! त्याचं खापर तुम्ही का घेताय आपल्या डोक्यावर?”

“तिला त्या बापाच्या घरात राहायचंय,” हे म्हणाले. “त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायचंय, आणि उद्या त्याला मूठमातीही द्यायची आहे. त्याचा राग धरला तर ती जाणार कुठे? माझा राग परवडेल तिला. तिला सांगणार नाहीस, असा शब्द दे मला.”

मी शब्द दिला. अजून जिवाला लागलंय ते. नवऱ्याच्या चांगुलपणाने घर रिकामं होतं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं मला.

दोन वर्षं ती त्यांच्या वर्गात बसली. हे सांगायचे, वाद घालत नाही, चूक काढत नाही, विचारलं की उभी राहून उत्तर देते आणि खाली बसते. ते मुद्दाम चुकीचं सांगून बघायचे. नोहाला पाऊस थोडाच पडला म्हणायचे. ती वहीत तसंच लिहून घ्यायची. घरी येऊन ते खुर्चीत बसायचे आणि चहा गार व्हायचा. भौतिकशास्त्राशिवाय शिष्यवृत्तीचा अर्जही करता आला नाही. दोन वर्षांत तिने ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

निकाल लागला तेव्हा धर्मशिक्षणात ती आमच्या बेटावर पहिली. गावात ढोल काय, नाच काय! लेआवासा ह्यांच्या पायाशी बसून रडला, आनंदाने. “तुमच्या हाताचं यश,” म्हणाला. हे हो हो करत राहिले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासली.

आणि त्याच महिन्यात स्थळ आलं. उपोलू बेटावरच्या धर्मविद्यालयातला विद्यार्थी, शेवटच्या वर्षाचा. तिथल्या मुलांना पाद्री म्हणून गाव मिळण्याआधी बायको लागते, आणि धर्मशिक्षणात पहिली आलेली मुलगी म्हणजे त्यांना आयतीच पाद्रीणबाई. मुलगा वाईट नव्हता. लाजरा होता, गाणं चांगलं गायचा. लेआवासाने तिला विचारलं, ती म्हणाली, “ठीक आहे.” एवढंच.

हे त्या दिवशी चर्चमध्ये एकटेच जाऊन बसले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, “डॉक्टर झाली असती गं.” मीही शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला, आणि दोघं तसेच रडत राहिलो.

लग्न होऊन उपोलूला जायच्या आदल्या दिवशी दुपारी सिलोआमा आली. हे आतल्या खोलीत पडले होते. अलीकडे त्यांना खोकला असतो. मी त्यांचे रविवारचे पांढरे कपडे इस्त्री करत होते. तिने माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली आणि कॉलरवर फिरवायला लागली. हात तिचा आमच्याच घरात तयार झालेला, एक सुरकुती राहिली नाही.

“पाद्रीणबाईला काय काय यावं लागतं, मोठी आई?”

“शिवण,” मी म्हटलं. “पाहुण्यांचा चहा. गाणं. लोकांची नावं लक्षात ठेवणं.”

“तू रागावतेस तेव्हा काय करतेस?”

“भांडी घासते.”

ती हसली. किती दिवसांनी! मग हसू गेलं तिचं. आतून खोकल्याचा आवाज आला आणि तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग तिने जे विचारलं त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सांगूनही टाकलं असतं, शब्द गेला खड्ड्यात. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. या सगळ्यात निदान एका माणसाला तरी सुख मिळालं का, एवढंच.

“मोठी आई,” ती म्हणाली, “पापाच्या मनासारखं झालं ना?”

आतला खोकला थांबला. ते जागे होते, ऐकत होते.

मी हो म्हटलं.